ओक्लाहोमा कसं घडलं: जमीन, हद्दी आणि माणसांचे आकडे

अमेरिकेच्या जनगणनेच्या तक्त्यात ओक्लाहोमासमोर १८९० साली २,५८,६५७ हा आकडा दिसतो आणि १९०७ साली १४,१४,१७७. सतरा वर्षांत जवळजवळ साडेपाच पट. नुसत्या जन्मांनी लोकसंख्या अशी फुगत नाही. बाहेरून लोंढे यावे लागतात. ते कोणाच्या जमिनीवर आले, त्यांना आत कोणी घेतलं आणि आधी राहणाऱ्यांचं काय झालं, हे ठाऊक नसेल तर हा तक्ता वाचून काही हाती लागत नाही.

शिवाय १८९० चा आकडा एका प्रदेशाचा नाहीच. त्या वर्षी ‘ओक्लाहोमा टेरिटरी’त ७८,४७५ आणि तिला लागून पूर्वेला असलेल्या ‘इंडियन टेरिटरी’त १,८०,१८२ माणसं मोजली गेली. पुढे या दोन्ही मिळून राज्य झालं, म्हणून तक्त्यात त्यांची बेरीज छापतात. १८९० च्या आधी या राज्याची रकाना भरण्यासारखी नोंदच नाही. माणसं नव्हती म्हणून नव्हे. जी होती त्यांना अमेरिकेच्या जनगणनेत धरत नव्हते म्हणून.

टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमतो, काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) एक प्रतिनिधी बसतो पण त्याला मत नसतं, आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथल्या रहिवाशांना भाग घेता येत नाही. ओक्लाहोमा टेरिटरी अशी रीतसर टेरिटरी होती. इंडियन टेरिटरी मात्र नावापुरतीच टेरिटरी. तिला ना गव्हर्नर होता ना विधिमंडळ. मूलनिवासींच्या पाच राष्ट्रांच्या जमिनींना मिळून दिलेलं ते एक सरसकट नाव होतं, आणि त्या प्रत्येक राष्ट्राचं स्वतःचं सरकार, न्यायालय आणि शाळा होत्या.

आधी हाकलून आणलं, मग अर्धी जमीन परत घेतली

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना घेतला. आजच्या ओक्लाहोमाचा पश्चिमेकडचा अरुंद पट्टा सोडला तर बाकीचा बहुतेक भाग त्यात आला. १८१९ मध्ये स्पेनशी करार होऊन दक्षिणेची हद्द रेड नदीचा दक्षिण काठ आणि पश्चिमेची हद्द १०० अंश पश्चिम रेखावृत्त अशी ठरली. या एका वाक्याने पुढे शंभर वर्षं कज्जे चालवले. त्याकडे नंतर येऊ.

१८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारने मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. आग्नेय अमेरिकेतल्या चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक (म्हणजेच मस्कोगी) आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांना आपली शेतं, घरं सोडून इथे यावं लागलं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार चेरोकींना सैनिकांच्या पहाऱ्यात आणलं. त्यातले अंदाजे चार हजार त्या स्थलांतरात दगावले. या राष्ट्रांमधल्या श्रीमंतांनी आपले कृष्णवर्णीय गुलामही सोबत आणले होते. हा तपशील पुढे लागणार आहे.

बदल्यात करारांत लेखी वचन होतं. चेरोकींच्या १८३५ च्या करारात स्पष्ट म्हटलं होतं की त्यांच्या संमतीशिवाय ही जमीन कधीही कुठल्या राज्याच्या किंवा टेरिटरीच्या हद्दीत घातली जाणार नाही.

हे वचन मोडायला निमित्त मिळालं अमेरिकेच्या यादवी युद्धाचं: एका बाजूला गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं, दुसऱ्या बाजूला उत्तरेची. १८६१ मध्ये पाचही राष्ट्रांनी दक्षिणेच्या बाजूने करार केले. प्रत्येक राष्ट्रात फूट होती आणि हजारो लोक उत्तरेच्या बाजूनेही लढले, पण १८६६ मध्ये शिक्षा सगळ्यांना सारखी झाली. गुलाम मुक्त करा, रेल्वेला वाट द्या आणि पश्चिमेकडची जमीन सोडा. सेमिनोलांनी २१,६९,०८० एकर जमीन एकरी १५ सेंटने सरकारला दिली. मग राहायला जागा हवी म्हणून त्यांना क्रीकांच्या जमिनीतले दोन लाख एकर सरकारकडूनच एकरी ५० सेंटने विकत घ्यावे लागले. तीच जमीन सरकारने क्रीकांकडून ३० सेंटने घेतली होती. करारपत्रांची भाषा कितीही गंभीर असली तरी व्यवहार हा असा होता.

ही पश्चिमेची जमीन इतर मूलनिवासी जमातींना वसवण्यासाठी घेतली होती. चेयेन, अरापाहो, कायोवा, कोमँची अशा जमातींना तिथे राखीव क्षेत्रं मिळाली. ओसेजांनी १८७२ मध्ये चेरोकींकडून स्वतःच्या पैशाने जमीन घेतली. पण नकाशाच्या मधोमध सुमारे १९ लाख एकरांचा तुकडा कोणालाच दिला गेला नाही. कागदोपत्री त्याला ‘वाटप न झालेली जमीन’ म्हणत. १८७९ मध्ये ही सरकारी पडीक जमीन आहे असा प्रचार सुरू झाला आणि कॅन्ससमधून ‘बूमर’ म्हणवणारे जथे आत घुसू लागले. डेव्हिड पेन हा त्यांचा पुढारी. लष्कर त्यांना पकडून बाहेर सोडायचं, ते पुन्हा यायचे.

२२ एप्रिल १८८९: धावणं सोपं, कब्जा टिकवणं अवघड

१८८७ मध्ये सांता फे रेल्वे या तुकड्यातून गेली आणि मग दबाव थोपवणं अशक्य झालं. ही जमीन ‘इतर मूलनिवासींसाठी’ या अटीवर घेतलेली असल्याने ती अट काढायला क्रीक आणि सेमिनोलांना पुन्हा पैसे द्यावे लागले: क्रीकांना सुमारे २३ लाख डॉलर, सेमिनोलांना १९ लाख. २ मार्च १८८९ ला कायदा झाला, २३ मार्चला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी जाहीरनामा काढला आणि २२ एप्रिलला दुपारी बारा वाजता हद्द खुली झाली. सुमारे पन्नास हजार माणसं घोड्यांवर, गाड्यांतून, रेल्वेने आणि पायी आत शिरली.

हिशोब करून पाहा. १९ लाख एकरांत १६० एकरांचे तुकडे होतात पावणेबारा हजारांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे चार माणसं. बहुतेकांच्या हाती शेत लागणार नव्हतं हे दुपारी बाराच्या आधीच ठरलेलं होतं, आणि म्हणूनच पहिल्या संध्याकाळी शेतांपेक्षा गावं भरली.

तुकडा मिळवायचा कसा? त्यासाठी मोजणी समजली पाहिजे. १८७० मध्ये फोर्ट आरबकलजवळ एक आरंभबिंदू धरून ‘इंडियन मेरिडियन’ ही उत्तर-दक्षिण रेषा आखली होती. तिच्या आधारे सारा प्रदेश सहा मैल बाय सहा मैलांच्या ‘टाउनशिप’मध्ये विभागला. प्रत्येक टाउनशिपमध्ये एकेका चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, अर्धा मैल बाय अर्धा मैल, आपल्या मापात सुमारे ६५ हेक्टर. सेक्शनच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरलेले, त्यांवर खुणा कोरलेल्या. उंच गवतात तो दगड शोधायचा, त्यावरून टाउनशिप, रेंज (मेरिडियनपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवी रांग) आणि सेक्शनचा क्रमांक काढायचा, आपला हिस्सा ईशान्य आहे की नैर्ऋत्य हे ठरवायचं आणि खुंटी ठोकायची. १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेले होते. घाईत तिथे खुंटी ठोकणाऱ्याची धाव फुकट गेली.

खुंटी ठोकून मालकी मिळत नव्हती. गथ्री किंवा किंगफिशर इथल्या भूमी कार्यालयात जाऊन वर्णन लिहून द्यायचं आणि शुल्क भरायचं. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिकत्वासाठी त्याने इरादा नोंदवलेला असावा. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही अर्ज करता येत होता. नंतर पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली की मालकीचा पट्टा मिळणार. मोजणीची टिपणं चुकीची उतरवली, किंवा खुंटी ठोकून झाल्यावर कार्यालयात रांगेत मागे राहिला, की दुसऱ्याचं नाव आधी चढायचं.

सगळ्यात मोठा घोळ ‘सूनर’ लोकांचा. कायद्यात लिहिलं होतं की ठरल्या वेळेआधी आत शिरणाऱ्याला जमिनीवर हक्क सांगता येणार नाही. तरी शेकडो जण आदल्या रात्री ओढ्यात, झाडीत लपून बसले. दुसरे काही कायदेशीरपणेच आत होते: मार्शल, रेल्वेचे कामगार, कार्यालयातले लोक. रेल्वेच्या हद्दीत राहणाऱ्या एका कामगाराने बाराच्या ठोक्याला रूळ ओलांडून शेजारच्या तुकड्यावर हक्क सांगितला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९३ मध्ये निकाल लागला की आत असण्याची परवानगी असली तरी त्या जागेचा फायदा घेऊन जमीन मिळवता येणार नाही. तोवर चार वर्षं गेली होती आणि अशा हजारो तक्रारी पडून होत्या. काही भांडणं बंदुकीवर गेली. ओक्लाहोमा सिटीचा पहिला हंगामी महापौर विल्यम काउच हा पेननंतरचा बूमर पुढारी. तो स्वतःच्या तुकड्याच्या वादात गोळी लागून १८९० च्या एप्रिलमध्ये मेला.

गावांचं तर त्याहून वाईट. कायद्यात गावठाणाची कमाल मर्यादा होती ३२० एकर, आणि प्लॉट कसे द्यायचे याची तरतूद शून्य. गथ्रीत एका दिवसात हजारो माणसं जमली, म्हणून मर्यादा चुकवायला एकाला लागून एक अशी चार गावं नोंदवली: गथ्री, ईस्ट गथ्री, वेस्ट गथ्री आणि कॅपिटल हिल. ओक्लाहोमा सिटीत दोन वेगवेगळ्या मंडळींनी दोन बाजूंनी प्लॉट पाडले. मोजण्या जुळल्या नाहीत, आणि जिथे त्या भेटल्या तिथे शहराच्या मध्यभागातल्या रस्त्यांना तिरकी वळणं द्यावी लागली. २ मे १८९० ला ओक्लाहोमा टेरिटरीचा कायदा होईपर्यंत, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ, इथे नगरपालिका, कर, दिवाणी कायदा यांतलं रीतसर काहीच नव्हतं. लोकांनी आपसांत निवडणुका घेऊन महापौर नेमले. त्यांचे हुकूम लोक पाळत होते ते केवळ सोयीपोटी.

मग एकेक राखीव क्षेत्र

आता पद्धत सापडली होती. १८८७ च्या डॉज कायद्याने राखीव क्षेत्रातल्या प्रत्येक मूलनिवासीच्या नावे ठरावीक तुकडा करायचा आणि बाकीची जमीन ‘जादा’ ठरवून खुली करायची. सप्टेंबर १८९१, एप्रिल १८९२, मे १८९५ असे एकामागून एक भाग खुले झाले.

सर्वांत मोठी धाव १६ सप्टेंबर १८९३ ची, चेरोकी आउटलेटची. कॅन्ससच्या हद्दीला लागून असलेला हा साठ लाखांहून अधिक एकरांचा पट्टा चेरोकींनी गुरं चारणाऱ्यांच्या संघाला भाड्याने दिला होता: आधी वर्षाला एक लाख डॉलर, नंतर दोन लाख. सरकारने १८९० मध्ये गुरं बाहेर काढण्याचा हुकूम दिला. उत्पन्न बंद झालं, आणि चेरोकींना सुमारे ८५ लाख डॉलरना जमीन विकण्यावाचून पर्याय उरला नाही. यावेळी सूनर रोखण्यासाठी हद्दीवर नोंदणीची ठाणी उभारून दाखले दिले. लाखभर माणसं उन्हात, धुळीत रांगा लावून बसली आणि सूनर तरीही घुसलेच.

या गोंधळाला कंटाळून १९०१ मध्ये कायोवा, कोमँची आणि विचिटा जमातींची जमीन सोडतीने दिली. १३,००० तुकड्यांसाठी दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. कायोवांचा पुढारी लोन वुल्फ याने दावा लावला की करारानुसार तीन चतुर्थांश पुरुषांच्या सह्या हव्यात, त्या घेतल्या नाहीत. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काँग्रेसला हवं तर ती करार मोडू शकते. तोवर सोडत होऊन गेलेली होती.

वसाहतवाल्यांनाही जमीन पूर्ण फुकट नव्हती, हे बहुतेक लेखांत सुटतं. जमातींना दिलेले पैसे वसूल करायला सरकार काही भागांत एकरी सव्वा ते अडीच डॉलर मागत होतं. दुष्काळात ते कुणाला झेपेनात. १९०० च्या कायद्याने ती रक्कम माफ झाली, आणि भार केंद्राच्या तिजोरीने उचलला. त्या वर्षी ओक्लाहोमा टेरिटरीची लोकसंख्या ३,९८,३३१ झाली होती. दहा वर्षांत पाचपट.

नकाशाचे दोन विचित्र कोपरे

ओक्लाहोमाच्या वायव्येला तव्याच्या दांड्यासारखा एक पट्टा निघालेला दिसतो, ‘पॅनहँडल’. लांबी सुमारे १६७ मैल, रुंदी साधारण साडेचौतीस. तो असा झाला कारण तो कोणालाच नको होता. टेक्सास गुलामगिरीचं राज्य होतं, आणि ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. म्हणून १८५० च्या तडजोडीत टेक्सासने त्या रेषेच्या वरची जमीन सोडून दिली. १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण हद्द ३७ अंशांवर ठरली. न्यू मेक्सिको १०३ अंश रेखावृत्तावर थांबलं. मधला पट्टा कोणत्याच राज्यात किंवा टेरिटरीत नव्हता, तिथे न्यायालय नव्हतं, जमिनीची नोंदही करता येत नव्हती. लोक मात्र येऊन राहिले होते आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘सिमारॉन टेरिटरी’ जाहीर करून पाहिली. वॉशिंग्टनने दखल घेतली नाही. १८९० मध्ये हा पट्टा ओक्लाहोमा टेरिटरीला जोडला. इथली मोजणीही वेगळ्या रेषेवरून, सिमारॉन मेरिडियनवरून होते, त्यामुळे जुन्या खरेदीखतात ‘टाउनशिप ३ उत्तर’ एवढंच लिहिलं असेल तर मेरिडियन पाहिल्याशिवाय जागा कुठली ते कळत नाही.

दुसरा कोपरा नैर्ऋत्येचा, ग्रीर परगणा. १८१९ च्या करारात रेड नदी आणि १०० अंश रेखावृत्त लिहिलं, पण वर जाताना रेड नदीला दोन फाटे फुटतात. टेक्सास म्हणे उत्तरेचा फाटा खरा, केंद्र सरकार म्हणे दक्षिणेचा. त्यात करारासाठी वापरलेल्या नकाशात १०० अंशांची रेषा चुकीच्या जागी छापलेली. मधल्या सुमारे १५ लाख एकरांत टेक्सासने परगणा स्थापला, कर घेतले, माणसं वसवली. १६ मार्च १८९६ ला सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण फाटा धरला, आणि तिथले टेक्सासवासी घरात बसल्या बसल्या ओक्लाहोमात आले. रेखावृत्ताचा शेवटचा निकाल १९३० मध्ये लागला. नदीच्या काठाचा वाद तेल सापडल्यावर पुन्हा पेटला. २००० मध्ये दोन्ही राज्यांनी दक्षिण काठावर जिथून झाडोरा सुरू होतो ती रेषा राजकीय हद्द म्हणून मान्य केली. नदी सरकली की हद्दही सरकते.

पूर्वेकडची वेगळी वाट

इंडियन टेरिटरीत धाव झाली नाही. तिथे माणसं आधी शिरली, कायदा मागून आला. १८७०-७२ मध्ये रेल्वे झाली, मॅकअ‍ॅलेस्टरच्या आसपास कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि परवाना काढून किंवा न काढता गोरे खंडकरी, मजूर, व्यापारी येत राहिले. १९०० मध्ये तिथल्या ३,९२,०६० लोकांत तीन चतुर्थांशांहून अधिक गोरे होते. त्यांना ना जमीन घेता येत होती, ना राष्ट्रांच्या निवडणुकीत मत होतं. तक्रार खरी होती. पण परक्या देशात जाऊन राहिल्यावर तिथे मतदानाचा हक्क मागावा तसलीच.

राष्ट्रांना आपली सामायिक जमीन माणसागणिक वाटायला राजी करण्यासाठी १८९३ मध्ये डॉज आयोग नेमला गेला. राष्ट्रांनी वाटपाला नकार दिला, तेव्हा १८९८ च्या कर्टिस कायद्याने ते लादलं आणि राष्ट्रांची न्यायालयं बंद केली. आयोगाने एक लाखाहून अधिक लोकांची नोंदवही केली, ‘डॉज रोल’. त्यात रकाने होते: रक्ताने सदस्य, लग्नाने आलेले गोरे, आणि ‘फ्रीडमन’, म्हणजे पूर्वीचे गुलाम आणि त्यांचे वंशज. आई किंवा बाप मूलनिवासी असलेला माणूस रंगाने काळा दिसला की अनेकदा त्याचं नाव फ्रीडमनच्या वहीत चढलं आणि रक्ताचा रकाना कोराच राहिला. सामायिक मालकीची सुमारे दोन कोटी एकर जमीन या यादीनुसार वाटली गेली. क्रीकांना माणशी १६० एकर; चोक्टॉ आणि चिकासॉंना सरासरी प्रतीची ३२० एकर, त्यांच्या फ्रीडमनना फक्त ४०.

वाटलेली जमीन काही वर्षं विकता येणार नाही अशी अट होती, पण ती टप्प्याटप्प्याने सैल केली गेली. मुलांच्या आणि ‘असमर्थ’ ठरवलेल्या प्रौढांच्या जमिनींवर परगणा न्यायालयं पालक नेमायची, आणि तेलाच्या पट्ट्यात हे पालकपद हाच एक धंदा होऊन बसला. ओसेजांनी १९०६ मध्ये जमीन वाटून घेतली, पण जमिनीखालचं खनिज सामायिक ठेवलं: २,२२९ समान हिस्से. तेलाने ते हिस्से श्रीमंत झाले आणि १९२० च्या दशकात त्याच हिश्श्यांसाठी ओसेजांचे खून पडले.

पूर्वेच्या राष्ट्रांनी शेवटचा प्रयत्न केला तो १९०५ मध्ये. मस्कोगी नावाच्या शहरात अधिवेशन भरवून त्यांनी ‘सेक्वोया’ नावाच्या वेगळ्या राज्याची घटना लिहिली. मतदानात ५६,२७९ विरुद्ध ९,०७३ अशी ती मंजूर झाली. काँग्रेसने ती विचारातही घेतली नाही. पश्चिमेकडून दोन नवी राज्यं, म्हणजे चार नवे सिनेटर, हे सत्ताधाऱ्यांना नको होतं. १९०६ च्या कायद्याने दोन्ही टेरिटऱ्या जोडल्या, आणि १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा ४६ वं राज्य झालं. विधिमंडळाने केलेला पहिला कायदा रेल्वेत गोरे आणि काळे यांना वेगळं बसवण्याचा. लँगस्टन, बोली अशी कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेली पन्नासाहून अधिक गावं ज्या प्रदेशात होती, त्याची ही सुरुवात.

राजधानी कायद्याने १९१३ पर्यंत गथ्रीला राहायची होती. १९१० मध्ये मतदान घेऊन ती ओक्लाहोमा सिटीला नेली, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. १९०० मध्ये ओक्लाहोमा सिटीत १०,०३७ आणि गथ्रीत १०,००६ माणसं होती. २०२० मध्ये पहिलीत ६,८१,०५४ होती आणि दुसरी अजून दहा-अकरा हजारांतच होती.

तेल चढवतं, तेलच उतरवतं

१९०५ मध्ये टल्साजवळ ग्लेन पूलचं तेल लागलं. १९०० मध्ये १,३९० वस्तीचं टल्सा १९१० मध्ये १८,१८२, १९२० मध्ये ७२,०७५ आणि १९३० मध्ये १,४१,२५८ झालं. मधल्या १९२१ सालच्या ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली; पस्तीस ब्लॉक बेचिराख झाले. शहराचा चढता आकडा हे दाखवत नाही.

राज्याची लोकसंख्या १९३० मध्ये २३,९६,०४० होती. १९४० मध्ये ती ५९,६०६ ने घटली. याचं श्रेय सरसकट धुळीच्या वादळांना दिलं जातं. वादळं खरी होती आणि पॅनहँडलच्या सिमारॉन परगण्यात लोकसंख्या ५,४०८ वरून ३,६५४ वर आली. पण पॅनहँडलची सगळी माणसं गेली असती तरी एवढी घट भरून निघाली नसती, कारण दहा वर्षांत राज्यात जन्मही झाले होते. मोठा लोंढा गेला तो पूर्वेकडच्या आणि मधल्या कापसाच्या पट्ट्यातून. १९३५ मध्ये दर दहा शेतांतली सहा खंडकऱ्यांच्या हाती होती. कापूस पडला, सरकारने लागवड कमी करण्यासाठी पैसे दिले ते जमीनमालकांना, आणि मालकांनी त्यातून ट्रॅक्टर घेऊन खंडकरी उठवले. कॅलिफोर्नियात ‘ओकी’ ही शिवी झाली ती यांच्यामुळे.

त्याहून मोठी घट पुढच्या दशकात झाली: १९५० पर्यंत आणखी १,०३,०८३. युद्धकाळातले कारखाने दुसऱ्या राज्यांत जास्त होते आणि शेतीला माणसं कमी लागू लागली होती. काँग्रेसमध्ये नऊ जागा होत्या, त्या आधी आठ आणि नंतर सहा झाल्या.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि लोकसंख्या १८ टक्क्यांनी वाढून १९८० मध्ये ३०,२५,२९० झाली. ५ जुलै १९८२ ला ओक्लाहोमा सिटीतली पेन स्क्वेअर बँक बुडाली. तिने तेलकंपन्यांना दिलेली कर्जं मोठ्या बँकांना विकलेली होती, त्यामुळे हादरा देशभर बसला. पुढच्या दहा वर्षांची वाढ जेमतेम चार टक्के. २०२० ची गणती ३९,५९,३५३. यातले दहापैकी सहा जण ओक्लाहोमा सिटी आणि टल्सा यांच्या परिसरात राहतात. सिमारॉन परगण्यात उरलेत २,२९६. राज्य वाढलं, पण देश जास्त वेगाने वाढला, त्यामुळे २००३ पासून जागा पाचच आहेत.

जुन्या गणत्या धुंडाळणाऱ्यांसाठी एक सूचना. १८९० च्या केंद्रीय गणतीचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. ओक्लाहोमासाठी त्याच वर्षीची टेरिटरीची गणती वापरावी लागते. १९०७ च्या विशेष गणतीचे घरवार कागद फक्त सेमिनोल परगण्याचे शिल्लक आहेत. पूर्वेकडच्या कुटुंबांसाठी डॉज रोल हाच खात्रीचा धागा.

आणि तो रोल आजही चालू कागद आहे. ९ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की काँग्रेसने क्रीकांचं राखीव क्षेत्र कधी रद्द केलेलंच नाही. जमीन वाटणं वेगळं आणि क्षेत्र संपवणं वेगळं. राज्याच्या न्यायालयांनी तोच न्याय इतर चार राष्ट्रांनाही लावला आणि पूर्व ओक्लाहोमाचा बहुतेक भाग फौजदारी कायद्यापुरता राखीव क्षेत्र ठरला. तिथे मूलनिवासी आरोपी असेल तर गंभीर गुन्ह्याचा खटला राज्याच्या न्यायालयात चालत नाही, केंद्राच्या किंवा राष्ट्राच्या न्यायालयात जातो. २०२२ च्या एका निकालाने आरोपी मूलनिवासी नसेल तर राज्यालाही खटला चालवता येतो असं ठरलं. म्हणून टल्साच्या पोलिसाला कुणालाही अटक करताना आधी विचारावं लागतं की माणूस कोणत्या राष्ट्राचा नागरिक आहे, आणि चेरोकींसारख्या राष्ट्रात त्याचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या वहीत पणजोबांचं नाव होतं की नाही यावर ठरतं.